लखनौची फुरसत आणि चित्रकाराची साक्ष

१

नगरातील माणसे कामधाम आटोपून एकत्र जमतात, खेळ पाहतात, संगीत ऐकतात, नुसतीच हिंडतात. ही घटना चित्राचा विषय होण्याइतकी महत्त्वाची आहे, असे आज आपणांस सहज वाटते. नेहमीच तसे वाटत होते असे नाही. युरोपातील कलापीठांनी विषयांची एक उतरंड ठरवून दिली होती. पुराणकथा, धर्मकथा आणि इतिहासातील थोर प्रसंग तिच्या माथ्यावर होते. बाजारातली किंवा बागेतली गर्दी पायथ्याशी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधील काही चित्रकारांनी ही उतरंड मोडली. एद्वार माने याने १८६२ साली त्विलरीच्या बागेत संगीत ऐकावयास जमलेला समुदाय रंगविला. आधुनिक जीवनाचा चित्रकार कसा असावा याची चर्चा करणारा बोदलेअरचा निबंध पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. १८७४ मध्ये स्वतःचे प्रदर्शन भरविणाऱ्या तरुणांना 'दृक्प्रत्ययवादी' हे नाव थट्टेने मिळाले. नदीकाठ, नाचघरे, रेल्वेस्थानके आणि रस्ते हेच ह्या संप्रदायाचे क्षेत्र झाले.

ह्या संप्रदायातील सर्वांत ख्यातनाम चित्रांपैकी एक म्हणजे रन्वारचे १८७६ मधील 'मुलँ द ला गालेत येथील नाच'. त्यात मोंमार्त्र टेकडीवरच्या एका नाचघराच्या अंगणात रविवारची दुपार आहे. त्यापूर्वी सुमारे नव्वद वर्षे, पॅरिसपासून फार दूर, अवधच्या राजधानीत एका युरोपीय चित्रकाराने असाच एक करमणुकीसाठी जमलेला समुदाय रंगविला होता. योहान झोफनी याचे 'कर्नल मॉर्डंट यांची कोंबड्यांची झुंज' हे ते चित्र होय. ते दृक्प्रत्ययवादी नाही, आणि त्यास तसे ठरविण्याचा खटाटोपही येथे करावयाचा नाही. परंतु दोन्ही चित्रे शेजारी ठेवली असता एक विलक्षण गोष्ट ध्यानी येते. पॅरिसच्या चित्रापुढे उभा राहणारा रसिक 'केवढे हे जीवन!' असे म्हणतो. लखनौच्या चित्रापुढे मात्र त्याच्या ओठांवर 'म्हणूनच हे राज्य बुडाले' हे शब्द येतात. एका शहराची फुरसत उत्सव ठरावी आणि दुसऱ्या शहराची अपराध, असे का व्हावे? हा भेद चित्रांत आहे, की चित्रे पाहणाऱ्या डोळ्यांत आहे? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

२

प्रथम रन्वारच्या चित्राची घडण लक्षात घेऊ. पावणेदोन मीटर रुंदीच्या ह्या चित्रात मध्यवर्ती असा कोणी नाही. उजव्या बाजूस एका टेबलाभोवती काही तरुण बसले आहेत, टेबलावर सरबताचे पेले आहेत, बाकाशी दोन तरुणी बोलत आहेत. डावीकडे जोडपी नाचत आहेत, आणि पाठीमागे माणसांचे पुंजके एकमेकांत मिसळत दिसेनासे होत जातात. चित्राच्या कडेने माणसे अर्धीमुर्धी कापली गेली आहेत. चौकटीबाहेरही ही गर्दी चालूच आहे, असा प्रत्यय त्यामुळे येतो. झाडांच्या पानांतून गळणारे ऊन हेच ह्या चित्राचे खरे सूत्र होय. पाठमोऱ्या तरुणाच्या कोटावर, जमिनीवर, टोप्यांवर आणि गालांवर ते सारख्याच उदारपणे पडले आहे. कोटाचा रंग कोणता हे सांगण्यापेक्षा ह्या क्षणी तो कसा दिसतो हे सांगणे चित्रकाराला अगत्याचे वाटले. दृक्प्रत्ययवादाचे तंत्र म्हणतात ते हेच. परंतु ह्या तंत्रातून एक सामाजिक अर्थही निघतो. ऊन जर सर्वांवर सारखे पडत असेल, तर समुदायात मानाची जागा कोणाचीच उरत नाही.

चित्रातील माणसे अनामिक वाटतात. वस्तुतः ती तशी नाहीत. टेबलाशी बसलेल्यांत झॉर्झ रिव्हिएर हा रन्वारचा लेखकमित्र आहे, आणि इतरही पुष्कळ जण चित्रकाराच्या परिचयातले आहेत. १८७७ च्या तिसऱ्या प्रदर्शनात हे चित्र मांडले गेले, तेव्हा याच रिव्हिएरने त्यास पॅरिसच्या जीवनाच्या इतिहासाचे एक तंतोतंत खरे पान असे गौरविले. मित्राचा हा गौरव थोडा पारखून घेतला पाहिजे. मोंमार्त्र ही त्या काळी गरिबांची वस्ती होती. तेथील शिवणकाम करणाऱ्या मुलींच्या फाटक्या बाह्या आणि थकलेले चेहरे ह्या उन्हात कोठे दिसत नाहीत. रन्वारने दारिद्र्य वगळून आनंद ठेवला. म्हणजे हे चित्रही निवडक साक्षच आहे. तरीही त्याच्यावर असत्याचा आरोप सहसा कोणी करीत नाही. आठवड्याचे सहा दिवस राबून सातव्या दिवशी नाचणाऱ्यांची फुरसत ही त्यांनी स्वतः मिळविलेली आहे, असे आपण गृहीत धरतो, आणि त्या गृहीताच्या बळावर तिचा आनंद निर्मळ मानतो.

३

झोफनीचे चित्र सुमारे एक मीटर उंच आणि दीड मीटर रुंद आहे. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. झोफनी जन्माने जर्मन. १७६० साली तो इंग्लंडला आला, राजघराण्याच्या आश्रयाने वर चढला, पुढे ती मर्जी उतरली, आणि १७८३ मध्ये पैसा मिळविण्याच्या आशेने तो कलकत्त्यास पोहोचला. मित्रमंडळ किंवा कुटुंब आपल्या नित्याच्या वातावरणात गप्पा मारताना, खेळताना दाखवावयाचे, आणि प्रत्येक चेहरा मात्र हुबेहूब उतरवावयाचा, ह्या इंग्रजी प्रकारात त्याचा हात बसलेला होता. १७८४ साली वॉरन हेस्टिंग्ज लखनौस गेला असता तेथे झालेल्या झुंजीचे चित्र त्याने झोफनीकडून करविले. ते पुढील दोनएक वर्षांत सिद्ध झाले.

शामियान्याखाली मांडलेल्या ह्या मैफलीचे केंद्र कोठे आहे हे क्षणात समजते. पुढे जमिनीवर कोंबडे आणि त्यांना झुंजविणारे उकिडवे बसले आहेत. त्यांच्या मागे नवाब आसफउद्दौला आणि कर्नल जॉन मॉर्डंट हे दोघे समोरासमोर उभे आहेत. नवाब स्थूल, उत्तेजित, हात पुढे केलेला. मॉर्डंट उंच, शुभ्र पोशाखातला, शांत. हा मॉर्डंट पीटरबरोच्या अर्लचा अनौरस पुत्र असून नवाबाच्या अंगरक्षकांचा नायक होता, आणि नवाबाच्या करमणुकींची व्यवस्थाही पाहत असे. भोवती लखनौतले युरोपीय जमले आहेत. पुढे अमाप संपत्ती मागे ठेवून गेलेला आणि जिच्यातून लखनौची ला मार्तिनिएर शाळा उभी राहिली तो फ्रेंच सेनाधिकारी क्लोद मार्तँ, फारसी हस्तलिखितांचा संग्राहक पोलिए, कंपनीचा हिशेबनीस वॉम्बवेल हे त्यांतले काही होत. एका बाजूस स्वतः झोफनी बसला असून त्याच्याजवळ १७८६ मध्ये लखनौस आलेला सूक्ष्मचित्रकार ओझायस हम्फ्री उभा आहे. वादक आहेत, नाचणाऱ्या आहेत. आणि कडांकडे दाटीवाटीने उभी असलेली, नावे नसलेली शेकडो माणसे आहेत.

ह्या चित्रातील प्रकाश कोणाला झाकीत नाही की कोणाला दुसऱ्यात मिसळू देत नाही. प्रत्येक थोर मनुष्य ओळखू आला पाहिजे, हा त्या चित्राचा करारच होता. १७९२ मध्ये रिचर्ड अर्लमने केलेली त्याची छापील प्रतिमा इंग्लंडात विकली गेली, तेव्हा तिच्यासोबत कोण कोठे आहे याचा नकाशाही मिळत असे. रन्वारच्या गर्दीला असा नकाशा जोडला तर तिचा बराचसा अर्थ नाहीसा होईल. झोफनीच्या गर्दीचा अर्थ मात्र त्यावाचून पुरा होत नाही. पहिल्या चित्रात जमलेल्यांना आपण 'लोक' म्हणतो; दुसऱ्यात जमले आहेत ते यजमान, पाहुणे, आश्रित आणि चाकर. सार्वजनिक फुरसतीला लागणारी सार्वजनिक जागा ह्या शामियान्याखाली अद्याप निर्माण झालेली नाही. येथे करमणुकीला यजमान आहे, आणि तिचा खर्च त्याच्या खजिन्यातून होतो.

येवढ्यावरून निर्णय देण्याची घाई करू नये. चित्राच्या पुढच्या भागात उकिडवे बसलेले झुंजविणारे पाहावेत. नवाबाची नजर पैजेवर आहे, मॉर्डंटची नवाबावर आहे. कोंबड्यांकडे खरे लक्ष आहे ते ह्याच माणसांचे. त्यांच्या दृष्टीने ही फुरसत नव्हे, हे त्यांचे काम आहे. पिढीजात शिकलेली, बारकाव्यांनी भरलेली अशी ती विद्या आहे. माने याने १८८२ च्या आपल्या 'फोली-बर्झेर' चित्रात मद्य देणारी मुलगी मध्यभागी उभी केली आणि सगळी करमणूक तिच्या पाठीमागच्या आरशात ढकलली. दुसऱ्यांच्या फुरसतीसाठी राबणारा चेहरा त्याने मुद्दाम समोर आणला. झोफनीने असे काही योजले असेल असे मानण्यास आधार नाही. तथापि कोंबड्यांना जागा देण्यासाठी त्यास झुंजविणाऱ्यांना पुढे बसवावे लागले, आणि सर्वांत कमी मानाची माणसे अशा रीतीने प्रेक्षकाच्या सर्वांत जवळ आली. चित्रकाराच्या हातून कधी कधी त्याच्या आश्रयदात्याला नको असलेली साक्षही नोंदली जाते, ती अशी.

४

आता ज्या वर्षी ही झुंज झाली त्या वर्षाकडे वळू. उत्तर हिंदुस्थानात १७८३-८४ मध्ये मोठा दुष्काळ पडला. विक्रम संवत १८४० मधला म्हणून तो 'चालीसा' या नावाने स्मरणात राहिला. याच दुष्काळात, १७८४ साली, आसफउद्दौलाने बडा इमामबाडा बांधावयास घेतला. उपाशी प्रजेला मजुरी मिळावी हा त्यामागचा हेतू होता असे परंपरा सांगते. दिवसा मजुरी करावयास लाजणाऱ्या कुलीनांना रात्री काम दिले जाई, अशीही आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूस ठेवली तरी सुमारे पन्नास मीटर लांबीचे ते तुळईविरहित दालन आजही उभे आहे, आणि ज्याला देव देत नाही त्याला आसफउद्दौला देतो, ही लखनौची म्हणही जिवंत आहे. तात्पर्य, एकाच वर्षी एकाच राजाने कोंबडेही झुंजविले आणि इमामबाड्याचा पायाही घातला. चित्रात कोंबडे आले. दुष्काळ आणि इमामबाडा चौकटीबाहेर राहिले.

चौकटीबाहेर राहिलेली आणखीही एक गोष्ट आहे. ज्या हेस्टिंग्जने हे चित्र करविले, त्यानेच त्यापूर्वी दोन-तीन वर्षे नवाबाची आई आणि आजी, म्हणजे अवधच्या बेगमा, यांच्याकडून कंपनीच्या येण्यापोटी खजिना काढून घेण्याचा प्रसंग घडवून आणला होता; स्वतः नवाबाला त्यात हत्यार व्हावे लागले. १७८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे हेस्टिंग्जवर महाभियोग सुरू झाला, तेव्हा बेगमांचे हे प्रकरण त्यातील प्रमुख आरोपांपैकी एक होते. १७९५ साली तो निर्दोष सुटला. ज्या घराण्याचा खजिना रिता केल्याबद्दल त्याच्यावर अभियोग चालला, त्याच घराण्याच्या उधळेपणाचे चित्र त्याच्या संग्रही होते! ते त्याने पुरावा म्हणून करविले, असे कोणी म्हणू नये. स्नेहाची आठवण म्हणूनच करविले असेल. परंतु वस्तूचा अर्थ तिच्या धन्याच्या हेतूने कायमचा बांधलेला राहत नाही.

त्या शामियान्यात पैजा लावणारे कोण आहेत, हेही मोजून पाहावे. मॉर्डंट, मार्तँ, वॉम्बवेल आणि त्यांचे सोबती ह्या खेळात नवाबाइतकेच रंगले आहेत. कोंबड्यांची झुंज त्या काळी इंग्लंडातही उमरावांची आवडती होती. तेथे कायद्याने ती बंद झाली १८३५ मध्ये. एकाच गालिच्यावर, एकाच खेळात, दोन जातींचे लोक सारख्याच हौसेने गुंतले होते. पुढे इतिहास लिहिण्याची वेळ आली तेव्हा एका बाजूच्या लोकांची ती 'विरंगुळ्याची घटका' ठरली आणि दुसऱ्या बाजूच्यांचा 'ऱ्हास'.

५

हा दुसरा अर्थ कसा पक्का होत गेला याचा मागोवा थोडक्यात घेता येतो. १८०१ च्या तहाने अवधचा जवळजवळ निम्मा मुलूख कंपनीकडे गेला. उरलेल्या राज्यात कर्तृत्वाला वाव देणारे युद्ध, परराष्ट्रकारण आणि सैन्य ही क्षेत्रे नवाबांच्या हातून निघून गेली. ज्यांना राज्य करावयाचे उरले नाही त्यांनी शहर घडविले. काव्य, कथक, ठुमरी, पाकशास्त्र, पोशाख, संभाषण आणि पतंग यांत त्यांची बुद्धी ओतली गेली. मग ह्याच गोष्टी गैरकारभाराच्या यादीत नोंदविल्या जाऊ लागल्या. रेसिडेंट स्लीमनने १८४९-५० मध्ये अवधचा दौरा करून अव्यवस्थेचे विदारक वर्णन लिहिले. मात्र राज्य खालसा करण्यास त्याचा विरोध होता, हे सहसा सांगितले जात नाही. औट्रमच्या अहवालानंतर फेब्रुवारी १८५६ मध्ये अवध खालसा झाले आणि वाजिद अली शाह कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला गेला. राजा गाणे रचतो आणि नाचतो, हे राज्य घेण्याचे एक समर्थन झाले होते.

साहित्यात ह्या अर्थाला सर्वांत प्रभावी रूप दिले ते प्रेमचंदांनी. 'शतरंज के खिलाड़ी' ही त्यांची कथा १९२४ साली लखनौच्याच 'माधुरी' मासिकात आली. राज्य बुडत असताना मिर्झा आणि मीर बुद्धिबळात गुंग राहतात, आणि राजासाठी न उपसलेली तलवार लाकडी वजिरासाठी उपसून एकमेकांचा जीव घेतात. ह्या कथेला परकीय सत्तेच्या मताचा प्रतिध्वनी समजणे अन्यायाचे होईल. असहकाराची चळवळ ओसरल्यानंतरच्या त्या वर्षांत प्रेमचंद आपल्याच पिढीला विचारीत होते, की तुम्ही कोणत्या पटावर डोके खुपसून बसला आहात? ही घरच्या माणसाने घरच्यांची केलेली निर्भर्त्सना आहे. तिच्यातला निर्णय कठोर आहे. पण तो देणाऱ्याला राज्य घ्यावयाचे नव्हते.

याच काळात दुसरा एक घरचा साक्षीदार निराळी साक्ष देत होता. अब्दुल हलीम शरर हे लखनौचे. त्यांचे बालपण मटियाबुर्जच्या निर्वासित दरबाराच्या सावलीत गेले होते. १९१३ पासून त्यांनी आपल्या 'दिलगुदाज' पत्रात गतकालीन लखनौवर लेखमाला लिहिली. तिच्यात मुर्गबाजी, बटेरबाजी, कबूतरबाजी, पतंगबाजी यांना स्वतंत्र स्थान आहे. शरर ह्या खेळांचे समर्थन करीत बसत नाहीत. ते त्यांची माहिती देतात: जनावर कसे तयार करतात, उस्ताद कोण होते, कोणती युक्ती कोणाची. जो खेळ दुरून केवळ चैन दिसतो तो जवळून एक शास्त्र दिसू लागतो. झोफनीच्या चित्रातल्या अनामिक झुंजविणाऱ्यांच्या विद्येला शब्द मिळाले ते येथे.

सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये प्रेमचंदांच्या कथेवर चित्रपट केला, तेव्हा त्यांनी शेवट बदलला. दोघे मित्र मरत नाहीत. भांडून, लाजून, पुन्हा पट मांडतात, आणि आता इंग्रजी पद्धतीने खेळू लागतात. हा बदल मला मोठा मार्मिक वाटतो. प्रेमचंदांनी दोषींना शासन केले. राय यांनी त्यांना जगू दिले, आणि खेळाचे नियमच कोणी बदलले याकडे बोट दाखविले.

६

येथे पुन्हा पॅरिसकडे पाहिले पाहिजे. ज्या मोंमार्त्रवर रन्वारची माणसे नाचत आहेत, त्याच टेकडीवर तोफांच्या ताब्यावरून १८ मार्च १८७१ रोजी पॅरिस कम्यूनच्या बंडाला आरंभ झाला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ते बंड रक्तपाताने चिरडले गेले. माने याने जिची बाग रंगविली तो त्विलरीचा राजवाडा त्या आठवड्यात जळाला. १८७५ मध्ये त्याच टेकडीवर साक्रे-कर मंदिराची कोनशिला बसली. राष्ट्राच्या पापांचे प्रायश्चित्त अशी त्या मंदिरामागची भावना होती. प्रशियाकडून झालेला पराभव, यादवी, प्रेतांचे ढीग आणि प्रायश्चित्ताचे बांधकाम हे सगळे त्या नाचापासून पाचएक वर्षांच्या आणि हाकेच्या अंतरावर आहे. तरीसुद्धा, हे लोक नाचत होते म्हणून फ्रान्स हरला, असे त्या चित्राकडे पाहून कोणी म्हणत नाही. उलट एवढ्या संहारानंतरही शहराने आपला आनंद परत मिळविला, असे त्याचे कौतुक होते.

दोन्ही प्रसंग सर्वस्वी सारखे आहेत असा माझा दावा नाही. फरक खरा आहे आणि तो नवाबाच्या बाजूचा नाही. रन्वारच्या नाचणाऱ्यांनी आपल्या मजुरीतून आपली करमणूक केली. आसफउद्दौलाचा शामियाना रयतेच्या साऱ्यातून उभा राहिला, तोही दुष्काळाच्या वर्षी. परंतु हा फरक मान्य करूनही एक शिल्लक उरतेच. फ्रान्सच्या पराभवाचा विचार करताना आपण सेनापती, तोफा, मुत्सद्देगिरी यांकडे पाहतो. अवधच्या पराभवाचा विचार करताना मात्र कोंबडे, पतंग आणि बुद्धिबळ यांकडे पाहतो. पहिल्याला कारणे असतात, दुसऱ्याला केवळ व्यसने. जेत्यांच्या घरी टांगलेले चित्र आणि स्वतःच्या शहरात राहिलेले चित्र यांच्या नशिबातला हा भेद आहे. रन्वारचे चित्र कायबॉत या चित्रकाराच्या संग्रहातून फ्रेंच राष्ट्राकडे गेले. झोफनीचे चित्र लखनौहून इंग्लंडला गेले, आणि त्याचे वाचनही तेथूनच सुरू झाले.

७

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. उत्तर पेशवाईविषयीचे आपले बोलणे पुष्कळसे याच वळणाचे आहे. रामजोशी आणि होनाजी बाळा यांच्या लावण्या दुसऱ्या बाजीरावाच्या विलासाशी जोडावयाच्या आणि १८१८ चा उलगडा त्या विलासात शोधावयाचा, ही सवय आपल्या वाङ्मयविचारात दीर्घकाळ होती. लावणीत शृंगार आहे म्हणून राज्य गेले, हे अनुमान, कोंबडे झुंजले म्हणून अवध गेले ह्या अनुमानाइतकेच कच्चे आहे. तैनाती फौजेचा तह, सरदारांतील फूट, पैशाची चणचण ही कारणे लावणीपेक्षा कमी चित्रमय आहेत, एवढाच त्यांचा दोष. कलाकृती ही काळाची साक्षीदार असते. परंतु साक्षीदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा न्याय नव्हे.

लखनौच्या त्या फुरसतीचे पुढे काय झाले, याचे एक उत्तर एका मराठी माणसाच्या कार्यात सापडते. शररांच्याच वर्षी, १८६० साली, मुंबईत जन्मलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये लखनौस संगीताचे महाविद्यालय स्थापिले. प्रांताच्या गव्हर्नरावरून त्यास 'मॅरिस कॉलेज' असे नाव मिळाले. १९६६ पासून ते भातखंड्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि २०२२ मध्ये त्याचे राज्य संस्कृती विश्वविद्यालय झाले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून त्याची दीर्घकाळ जोपासना केली. ही संस्था आज कैसरबागेतील ज्या वास्तूत नांदते ती वाजिद अली शाहाची 'परीखाना' होय. राजाच्या विलासाचे स्थान म्हणून जी दोषपत्रात दाखल झाली असती, त्याच वास्तूत मध्यमवर्गीय घरांतली मुलेमुली वह्या घेऊन राग आणि ताल शिकू लागली. ज्याला ऱ्हास म्हटले गेले त्यात जर केवळ ऱ्हासच असता, तर एवढा काटेकोर अभ्यासक तेथे विद्यापीठाचा पाया घालावयास गेला नसता. तेथे जतन करण्याजोगी विद्या होती. तिला आश्रयदात्याच्या लहरीतून सोडवून सर्वांसाठी खुली करणे एवढेच काम उरले होते.

झोफनीच्या शामियान्यापासून ह्या वर्गखोल्यांपर्यंतचा प्रवास हाच लखनौच्या फुरसतीचा इतिहास आहे. आज त्या शहरात संध्याकाळी हजरतगंजात नुसते हिंडण्याला 'गंजिंग' असा खास शब्द आहे. दुकाने पाहावीत, ओळखीचे भेटले तर थांबावे, काही घ्यावे किंवा घेऊ नये. ह्या हिंडण्याला यजमान नाही, त्याला निमंत्रण लागत नाही, आणि त्यात कोण कोठे उभे आहे याचा नकाशा कोणी छापीत नाही. दिव्यांच्या आणि मावळत्या उजेडाच्या मिश्रणात चेहरे एकमेकांत विरघळतात. रन्वारच्या डोळ्यांनी लखनौ पाहावयाचे झाले तर ते येथे पाहावे.

आणि असे पाहून झाल्यावर पुन्हा झोफनीच्या चित्राकडे यावे. नवाब आणि कर्नल यांच्यावरून नजर क्षणभर काढून ती पुढे बसलेल्या झुंजविणाऱ्यांवर आणि कडेला दाटलेल्या अनामिक जमावावर ठेवावी. ते शहर त्यांचेही होते. दीड मीटरच्या त्या कापडावर नवाबाचा उधळेपणा जसा नोंदला गेला आहे, तशीच एका शहराची खेळण्याची, पाहण्याची आणि एकत्र जमण्याची इच्छाही नोंदली गेली आहे. पहिलीचा हिशेब इतिहासाने चुकता केला. दुसरीचे देणे समीक्षेकडे अजून बाकी आहे.